वाइडस्क्रीन शूटिंगवर टायटल बसवताना गणपती चपटा काऊन होते

लग्नाच्या व्हिडिओत सुरुवातीचा फिरणारा गणपती, मंग नवरा-नवरीची नावं, खालून सरकणारी पट्टी, हे शूटिंगसोबत नीट बसवायचं कसं ते सांगतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमिअर प्रो धरून चला, बाकीच्यात बटणं इकडंतिकडं राहतात पण गोष्ट तीच.

सिक्वेन्स (म्हणजे जिच्यावर सगळं जोडतो ती टाइमलाइन) बनवताना न्यू आयटमच्या बटणावर शूटिंगची क्लिप सोडा, टायटलची नाही. विकतचे तयार टायटल, म्हणजे टेम्प्लेट, बरेचदा सेकंदाला 30 फ्रेमचे राहतात, आपल्या कॅमेऱ्याचं शूटिंग 25 चं, अन् सिक्वेन्स टेम्प्लेटच्या मापाचा बनला की वरातीत नाचणारे झटके देत नाचतात.

आता खरी भानगड. पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, दरवेळी चौकोनीच (आडवा-उभा सारखा) नसते. जुन्या टेपचं पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) वाइडस्क्रीन शूटिंग 720×576 च राहते, पिक्सेल आडवे ताणून ते 16:9 होते. एचडीव्हीचं, म्हणजे टेपवरच्या एचडीचं, 1440×1080, तेही ताणूनच 1920 होते. हा ताण फाइलमध्ये लिहिलेला असते, पण कॅप्चर करताना तो बरेचदा गहाळ होते अन् सॉफ्टवेअर फाइलला 4:3 समजते.

मी यातच फसलो होतो. मॉनिटरवर पाहुणे उंच-बारीक दिसत होते, मला वाटलं कॅमेराच तसा, वरून गोल गणपती ठेवला अन् डीव्हीडी देऊन मोकळा झालो. त्यांच्या टीव्हीनं सगळंच रुंद ताणलं, पाहुणे बरोबर झाले अन् गणपती दाबलेल्या पुरणपोळीसारखा. नवरदेवाचा मामा म्हणे, "भौ, आमच्या देवाले काय केलं तुम्ही?" अख्खा व्हिडिओ फुकट परत बनवून द्यावा लागला.

यावर लोक सांगतात की युनिफॉर्म स्केलची टिक काढा अन् गणपती हातानं ताणून बसवा. अजिबात करू नका! उभा असला तर खपून जाते, पण त्याच लेयरवर रोटेशन दिलं की तो आऊट आलेल्या सायकलच्या रिमसारखा डगमगत फिरते. दुरुस्ती ग्राफिकची नाहीच, शूटिंगची आहे. प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज, तिथं पिक्सेल अस्पेक्ट रेशोत पाल वाइडस्क्रीन 1.4587 निवडा (एचडीव्हीले 1.33), आणि मंगच त्या क्लिपवरून नवीन सिक्वेन्स बनवा. जुना सिक्वेन्स आपोआप सुधरत नाही, इथंच अर्धे लोक परत फसतात. ग्राफिक 1920×1080, चौकोनी पिक्सेलमध्येच बनवा, बाकी हिशोब सॉफ्टवेअर करून घेते.

बरोबर झालं का हे डोळ्यानं ठरवू नका, माणसं जाड-बारीक असतातच. गोल वस्तू शोधा. आमच्याकडे शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) शूटिंगमध्ये छकड्याचं चाक मिळते, लग्नात मांडवाबाहेर उभ्या गाडीचं. फ्रेम थांबवा, पट्टी घेऊन स्क्रीनवरच चाक आडवं-उभं मोजा. पण चाक अगदी बाजूनं दिसत असलेलं अन् उभ्या गाडीचंच घ्या, तिरपं चाक तसंही लांबुळकं दिसते अन् पळत्या छकड्याचं चाक मोबाइलच्या शूटिंगमध्ये वाकते.

ग्राफिक पारदर्शक हवं तर प्रोरेस 4444 किंवा पीएनजी सिक्वेन्स (दर फ्रेमचं वेगळं चित्र) काढा, एमपी4 च्या साध्या एच264 मध्ये मागचं काळं येतेच. अक्षरं किनारीले चिकटवू नका.

एक्सपोर्ट 1920×1080, चौकोनी पिक्सेल. टेपच्या शूटिंगमध्ये वर-खाली बारीक काळी रेघ राहते, एक्सपोर्टच्या स्केलिंगमध्ये स्केल टू फिल निवडा, जाते. मंग पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जा अन् लावायच्या आधी रिमोट हातात घेऊन टीव्हीची पिक्चर साइज पाहा, कारण पोट्ट्यांनी ती कोणत्या मोडवर टाकून ठेवली असते ते घरच्यांनाही माहीत नसते.