जुन्या गाडीचा वायपर अडला? मोटर उघडण्याआधी या चुका टाळा

बाबांची १९६८ ची अ‍ॅम्बॅसेडर नागपुरात आमच्या धरमपेठेतल्या घरी आजही चालू स्थितीत आहे. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये वर्धा रोडवरून परतताना धो धो पाऊस लागला आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन अडला. खिडकीतून डोकं बाहेर काढून कशीबशी गाडी कडेला घेतली आणि पाऊस ओसरेपर्यंत तिथंच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला गाडी दाखवली, तर उत्तर मिळालं, "भाऊ, मोटर जळली पुरी. आर्मेचर वाइंड करा लागते."

आर्मेचर, म्हणजे मोटरीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, वाइंड झालं, मोटर बसली, पैसे दिले. चौथ्या दिवशी वायपर पुन्हा त्याच जागी अडला. दुखणं मोटरीत नव्हतंच. डावीकडच्या ब्लेडखालच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे ब्लेडचा आर्म ज्यावर फिरतो त्या दांड्यात, जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट बसलं होतं, आणि बिचारी मोटर ते ओढून ओढून दमत होती. त्या मोटरीचं मूळ वाइंडिंग आपण विनाकारण उपटलं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो, जुन्या गाडीत वायपर थांबला की संशय सगळ्यात शेवटी मोटरीवर घ्या.

व्होल्टेज न मोजता निकाल देणं

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्विच चालू ठेवून मोटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. तिथं बॅटरीइतकं व्होल्टेज पोचत नसेल, तर दोष वायर, फ्यूज किंवा स्विचमध्ये आहे. नंतर मीटरची एक तार मोटरीच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला (जे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं) लावा. स्विच चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर अर्थिंग खराब आहे.

नव्यानं रंगवलेल्या गाडीत तर हे हमखास होतं. पेंटिंगच्या वेळी बोल्टखालच्या पत्र्यावरही रंग बसतो आणि मोटरीचा बॉडीशी संबंध तुटतो. गाडी चकचकीत होऊन येते आणि वायपर मात्र मेल्यासारखा हळू चालतो. बोल्टखालचा रंग खरवडून लखलखीत पत्रा दिसू द्या, दातेरी वायसर टाका. मी तर मोटरीच्या बॉडीपासून एक वेगळी अर्थ वायरच ओढली आहे.

अडलेला वायपर हातानं रेटणं

वायपर अडला की माणूस सवयीनं ब्लेड धरून ढकलतो. आतल्या गिअरला हे सोसत नाही, दात झिजतात किंवा तुटतात, आणि तसा गिअर आज शोधून मिळणं कठीण. अडला की आधी स्विच बंद करा. माझ्या गाडीतल्या लुकास (जुनी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या जुन्या मोटरी मोकळ्या चालताना साधारण ३ अँपिअर घेतात, पण जाम झाल्या की करंट १४ अँपिअरच्या घरात जातो. काही मिनिटांतच वाइंडिंगवरचा थर करपायला लागतो. म्हणजे जी मोटर जळलेली नव्हती ती आपण स्विच चालू ठेवून जाळतो.

कोरड्या काचेवर वायपर चालवून बघणं हाही त्यातलाच प्रकार. मे महिन्यात काचेवर धुळीचा थर असतो, रबर उन्हानं कडक झालेलं असतं. काच ओली केल्याशिवाय चाचणी घेऊ नका.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथं जाड फ्यूज किंवा तांब्याची तार टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, हे करू नका. कापडी आवरणाची जुनी वायर डॅशबोर्डमागे पेट घेते.

रॅक आणि स्पिंडल न तपासणं

यावर थोडं थांबून बोलतो, कारण नागपूरच्या हवेत खरं दुखणं बहुधा इथंच असतं. लुकास पद्धतीच्या वायपरमध्ये मोटरीतून निघालेला एक लवचीक, आटे पाडल्यासारखा रॅक नळीतून पुढे-मागे सरकतो. प्रत्येक ब्लेडखाली एक छोटी डबी असते, तिच्यातलं चाक या रॅकवर फिरतं आणि स्पिंडल हलतो. काही गाड्यांत रॅकऐवजी पट्ट्यांचं लिंकेज असतं, पण तिथंही स्पिंडलचं दुखणं हेच.

आपल्याकडे पाऊस संपला की वायपरला कुणी हात लावत नाही. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तो नुसता पडून. मधल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून तापतो. ग्रीसमधलं तेल वाहून जातं, मागे उरतो नुसता सुकलेला साबण, त्यात धूळ मिसळते. मृगाच्या पहिल्या पावसात स्विच दाबला की जाम!

तपासायची रीत सोपी आहे. वायपर आर्म काढा, रॅक मोटरीपासून सोडवा. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा रॅकच्या टोकाला अडकवून हळूहळू ओढा. जोर सुमारे २.७ किलोच्या आत लागायला हवा. माझ्या गाडीत काटा सातच्या पुढे गेला होता! मग दोन्ही डब्या उघडून डिझेलमध्ये भिजवल्या, जुन्या टूथब्रशनं घासल्या. चिंचोक्याच्या रंगाचा घट्ट लगदा निघाला. वाळवून चांगलं लिथियम ग्रीस लावल्यावर तोच स्पिंडल दोन बोटांनी फिरायला लागला.

इथं इंजिन ऑइल किंवा फवाऱ्याचं पातळ तेल मारून वेळ भागवू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं.

खूण न करता मोटर उघडणं

एवढं करूनही मोकळी सोडलेली मोटर धीमी चालत असेल, तरच ती उघडा. आधी बॉडीवर आणि झाकणावर पेचकसनं एक सलग रेघ ओढून ठेवा. कोणती वायर कुठं होती याचा मोबाइलवर फोटो घ्या. खाली पांढरं कापड अंथरा. आतून एखादा बारीक छर्रा किंवा वायसर निसटला की तो सापडत नाही.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, साफ करायला एमरी पेपर वापरू नका. त्याचे कण पट्ट्यांमधल्या खाचेत बसून शॉर्ट करू शकतात. पेट्रोलमध्ये ओलं केलेलं कापड बहुतेक वेळा पुरतं, नाहीतर बारीक काच पेपर. कम्युटेटरला टेकणारे कार्बन ब्रश आपापल्या खोबणीत मोकळे सरकतात का ते बघा. गिअरबॉक्समध्ये ग्रीस ठासून भरू नका, उन्हाळ्यात ते पातळ होऊन कम्युटेटरवर उतरतं.

बाजूला लॉकनट असलेला एक छोटा स्क्रू असतो. तो आर्मेचरची पुढे-मागे खेळायची जागा ठरवतो, ती ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी. स्क्रू आर्मेचरला टेकेपर्यंत हलकेच आत घ्या, मग पाव फेरा मागे. मॅग्नेटवाली मोटर असेल तर हातोडीनं ठोकू नका. मॅग्नेट चिनी मातीसारखं तडकतं.

स्विच पॉझिटिव्ह वायरवर बसवणं

जुन्या लुकास जोडणीत मोटरीला पॉझिटिव्ह थेट फ्यूजकडून मिळतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. ब्लेड ठरल्या जागी थांबवणारा गिअरबॉक्समधला लिमिट स्विचही अर्थच देतो, म्हणून स्विच बंद केला तरी ब्लेड काचेच्या खालच्या कडेला जाऊनच थांबतात. ही जोडणी ठाऊक नसलेला इलेक्ट्रिशियन नव्या गाडीच्या सवयीनं पॉझिटिव्हमध्ये स्विच टाकतो. मग वायपर जिथं बंद कराल तिथंच उभा राहतो आणि लिमिट स्विच बिघडला म्हणून उगाच मोटर उघडली जाते.

नव्या गाडीची मोटर बसवणं

हा सल्ला मला अनेकांनी दिला. मी मानला नाही. पट्टी वेल्ड करावी लागते, ब्लेडचा फिरण्याचा कोन बदलतो आणि जुनं लिंकेज त्या जोराला टिकत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावी लागतात आणि गाडी मूळ रूपात जपलेली असावी लागते. बाबांनी जपलेली मोटर काढून भंगारात द्यायला माझा हात होत नाही.

आर्म आधी बसवणं

सगळं जोडून झालं की घाईनं आर्म चढवू नका. मोटर नुसती चालवा, स्विच बंद करा, तिला तिच्या जागी थांबू द्या. मग ब्लेड काचेच्या खालच्या कडेला समांतर धरून आर्म स्पिंडलवर दाबा. काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि पाच मिनिटं वायपर चालवून मोटरीवर हात ठेवा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला, तर कुठंतरी अजून काही अडतं आहे, पुन्हा रॅकपासून सुरुवात करा.