गुप्त पोलिसाची मालिका लिहिताना: खोट्या माणसाची वही

बंदुका आणि पाठलाग नंतर. आधी एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर खरा हवालदार, उजव्या पानावर तो जो बनून टोळीत शिरणार तो माणूस. दोन्ही पानांत जितकं सारखं तितकं बरं. आडनाव बदला, पण संतोषला संतोषच राहू द्या. मागून कोणी ‘संत्या’ अशी हाक मारली की मान वळतेच. गाव आणि बोलीही खरीच ठेवा. मालवणच्या माणसाला सोलापूरचा केलात, तर तिसऱ्या भागात ‘खंयच्या वाडीतलो रे तू?’ विचारणारा कोणीतरी भेटणार आणि उत्तर नको त्या हेलात निघणार. खोटं एकच, त्याचा धंदा.

तो धंदा मात्र तासातासाने माहीत हवा. समजा, संतोष ससून डॉकवर मासळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. लिलाव पहाटेचा, म्हणजे त्याची झोप दुपारी. पायात गमबूट, हातात ओल्या नोटा, अंगाचा वास लोकलच्या डब्यात शेजारी सरकवणारा. रात्री दोनला तो बारमध्ये ताजातवाना बसलेला दाखवलात की संपलं. दुसरी चूक ऋतूची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. भर पावसात ट्रॉलरमधून पापलेट उतरताना दिसलं तर कोळीवाड्यातला प्रेक्षक तिथेच हसेल. उलट ही बंदी कथेत वापरा: बोटी नांगरलेल्या, खलाशी गावाला, आणि संतोषला धक्क्यावर थांबायला कारणच उरलेलं नाही.

ओळख उघडी पडते ती सवयीने. फोन उचलताना तोंडातून निसटलेलं ‘जय हिंद सर’. एखाद्याला ‘तो इसम’ म्हणणं. ही पंचनाम्याची भाषा, नाक्यावर कोणी बोलत नाही. बारीक कापलेले केस. यातली एकच खूण निवडा, दुसऱ्या भागात सहज पेरा, सहाव्यात कापा. तीन-चार वापरल्या तर टोळीवाले मूर्ख ठरतात. (पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी हे एकदाच येऊ द्या. प्रत्येक वाक्यात ‘खोका’ म्हणणारा भाई विनोदी वाटतो.)

खरी ओळख माहीत असलेले दोघंच ठेवा. भेट क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुख्यालयात नको, समुद्राकाठच्या गच्चीवरही नको. केईएमच्या ओपीडीची रांग बघा: दोन अनोळखी माणसं तासभर शेजारी उभी, आणि कोणाला त्याचं काही नाही.

शेवटच्या भागात कायदा आडवा येतो. कोठडीत पोलिसासमोर दिलेली कबुली एरवी पुरावा ठरत नाही. १९९९च्या मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, ठरते, पण ती पोलीस अधीक्षक (मुंबईत उपायुक्त) किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली असेल तर. तेव्हा फौजदाराने दोन कानाखाली वाजवून केस जिंकू नये. आणि १ जुलै २०२४पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. म्हणजे छाप्यात कोणीतरी शिपाई मोबाईल धरून उभा असणारच. संतोष त्या खोलीत असेल तर त्याचा चेहराही चित्रीकरणात येईल, आणि ते पुढे आरोपीच्या वकिलाच्या हाती पडू शकतं. छाप्याआधी दहा मिनिटं त्याला बर्फ आणायला बाहेर काढा.