परदेशी विद्यार्थी घरी राहायला येतोय? मुंबईतल्या घरासाठी पहिला आठवडा

आमच्या पार्ल्याच्या घरी आतापर्यंत तीन एक्स्चेंज स्टुडंट राहून गेले. सोळा-सतरा वर्षांची मुलं. रोटरी, एएफएस अशा संस्थांमार्फत ती येतात, काही महिने किंवा वर्षभर इथे शिकतात आणि आपल्यासारख्यांच्या घरी राहतात. पहिल्या वेळी आम्ही पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही आणि तीच आमची चूक झाली. ज्याला ताट वाढून मिळतं आणि ज्याचं ताट उचललंही जातं, त्याला पाण्याचा ग्लास कुठल्या फडताळात आहे हे महिनाभर कळत नाही. म्हणून खालचं सगळं एकाच हेतूने लिहिलंय: ते मूल आठवड्याभरात पाहुणा राहू नये.

येण्याआधी

व्हिडिओ कॉलवर ॲलर्जीचं विचाराल तेव्हा शेंगदाण्याचं नाव घेऊन विचारा. दाण्याचं कूट आपल्या स्वयंपाकात कुठेकुठे जातं हे आपल्यालाही चटकन आठवत नाही: काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, अळूच्या फतफत्यातले दाणे. ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते. मुलाला ती असेल तर कूट घरातूनच बाहेर काढा आणि शेजारून येणाऱ्या वाटीकडेही लक्ष ठेवा. रोजची औषधं कोणती आणि ती किती दिवसांची सोबत आणणार, तेही लिहून घ्या.

टू बीएचकेत स्वतंत्र खोली प्रत्येकाला देता येत नाही. स्वतःचा पलंग, कपाटाचा एक रिकामा कप्पा आणि उशाजवळ प्लग एवढं मात्र हवंच. युनिव्हर्सल अडॅप्टर आणून ठेवा. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची आणि आपल्याकडे 230 ची, त्यामुळे तिथला हेअर ड्रायर इथे लावला तर जळू शकतो. यंत्रावर 100-240 लिहिलेलं असेल तरच लावू द्या.

पहिले चोवीस तास

परदेशी नागरिक घरी उतरला की 24 तासांत त्याची नोंद एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे करावी लागते. लोक याला 'फॉर्म सी' म्हणतात. हा नियम फक्त हॉटेलांना आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण तो आपल्या घरालाही लागू आहे. काम ऑनलाइन होतं आणि त्याला पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो लागतो. युरोपातली बरीच विमानं मध्यरात्रीच्या आसपास उतरतात, म्हणजे दुसरा दिवस झोपेतच जातो. म्हणून यजमानाचं खातं आधीच उघडून ठेवा. मुक्काम 180 दिवसांहून अधिक असेल तर 14 दिवसांत विद्यार्थ्याचीही नोंदणी करायची असते. संस्था मदत करते, तरी तारखा आपणच कॅलेंडरवर लिहाव्यात. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनकाकांना नाव सांगून ठेवा.

विमानतळावर दोघांनीच जा. आजी-आजोबा, मामा-मामी उद्या भेटतीलच. घरी आल्यावर तीन गोष्टी दाखवा: गीझरचं बटण, प्यायचं पाणी आणि संडास. तिसऱ्या गोष्टीचा संकोच नको. जेट कसा वापरायचा ते सांगा आणि टॉयलेट पेपरचे दोन रोल आणून ठेवा. बादली-मग्ग्याने अंघोळ कशी करतात हेही त्यांनी पाहिलेलं नसतं. वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून द्या, कारण परदेशी पासपोर्टवर सिमकार्ड सुरू व्हायला वेळ लागू शकतो. एकदा घरी फोन झाला की झोपू द्या.

जेवण आणि 'बास'

पहिला मराठी शब्द शिकवा तो 'बास'. नमस्कार, धन्यवाद मागाहून येतील.

आपल्याकडे एकदा 'नको' म्हटलं की ते भिडेपोटी म्हटलंय असं धरून आपण वाढतच राहतो. युरोपातून आलेल्या मुलाला वाटतं, ताटात पडलं म्हणजे संपवलंच पाहिजे. आमच्याकडे आलेल्या फ्रेंच मुलीने दुसऱ्याच दिवशी आजीच्या आग्रहाखातर पाच साबुदाणे वडे खाल्ले आणि पुढचे दोन दिवस ओआरएसवर काढले. आजीलाही फार वाईट वाटलं. तेव्हापासून घरात नियम केला: पानावर हात आडवा धरून 'बास' म्हटलं की वाढणाऱ्याने भांडं मागे घ्यायचं. हा नियम मुलाला सांगा, आणि त्याआधी घरातल्या मोठ्यांना सांगा.

पहिले चार दिवस वरण-भात-तूप-लिंबू, मऊ मुगाची खिचडी, बिनमिरचीची बटाट्याची भाजी, दही, केळी. पाणी गाळलेलं किंवा उकळलेलंच. बाहेरची चटणी आणि बर्फाचा गोळा थोडा लांबवा. वडापावचा मोह मुलांना होतोच. तो तळणातून गरम निघालेला आणि चटणीशिवाय द्या.

दुसऱ्या आठवड्याची वाट न बघता तिसऱ्या दिवशीच काम द्या: पानं घेणं, पाणी भरणं, कोथिंबीर निवडणं. त्याच फ्रेंच मुलीने पुढे सांगितलं की कोथिंबिरीची जुडी हातात दिली तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

घराची रीत बोलून सांगा

आपल्याला जे आपोआप कळतं ते त्यांना कळत नाही आणि चुकल्यावर चेहऱ्यावरची नाराजी मात्र लगेच दिसते. चपला कुठे काढायच्या, देवघराजवळ तुमच्याकडे काय चालतं, उष्टं म्हणजे काय हे आधीच सांगा. सॅनिटरी पॅड कुठे टाकायचं तेही सांगा. तो विषय घरातल्या बाईने काढावा. सकाळी आठला मावशी केर काढायला येतात आणि खोलीत येतात, हे माहीत नसेल तर मूल दचकतं. उलट बाजूने आपणही शिकायचं: दारावर टकटक करून 'हो' ऐकू येईपर्यंत थांबायचं. हाक काय मारायची, आई की काकू, ते मुलाला ठरवू द्या. त्याची आई तिकडे आहेच.

पहिली लोकल

लोकलचा प्रवास शिकवायला दुपारी बारा ते चारमधली वेळ घ्या. रविवार सोयीचा वाटतो, पण मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघा. एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत स्लो गाडीने जा, उतरा, परत या. इंडिकेटरवरचा एस म्हणजे स्लो आणि एफ म्हणजे फास्ट, महिलांचा डबा कुठे लागतो, उतरायच्या आधीच्या स्टेशनवर दाराशी यायचं, आणि दारात लटकायचं नाही, कितीही जण लटकत असले तरी. दुसऱ्या फेरीत मुलाला पुढे करा आणि आपण मागे राहा. चुकून पुढे गेलं तर पुढच्या स्टेशनवर उतरून जागेवरच थांबायचं आणि फोन करायचा, हे ठरवून ठेवा. खिशात मराठीत लिहिलेला पत्ता असू द्या, त्यावर तुमचा नंबर आणि तातडीच्या मदतीचा 112.

बरीच मुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे ऐन पावसात. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही. चालावंच लागलं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोसाठी, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्टरांना लगेच विचारा.

चौथी रात्र

पहिले तीन दिवस नवलाईत जातात. आमच्याकडे तिन्ही मुलं चौथ्या-पाचव्या रात्री रडली. ब्राझीलच्या मुलाने जेवायलाच नकार दिला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो, ते करायला नको होतं. पुढच्या वेळी मी नुसता चहा ठेवला आणि शेजारी बसून शेंगा सोलत राहिले. तासाभराने बोलणं सुरू झालं. घरच्या फोनची वेळ ठरवून द्या. ऑगस्टमध्ये आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे फ्रान्सचे संध्याकाळचे सहा, दोन्हीकडे सोयीचं. रोज तीन तास फोन चालला तर मात्र संस्थेच्या समन्वयकाशी बोला. खाणं-झोपणं तुटलं तर एक दिवसही थांबू नका.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी डबा त्यालाच भरू द्या. निघताना आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, एवढं आदल्या रात्री सांगून ठेवा. आमची फ्रेंच मुलगी दारात चपला घालताना 'येते हं' म्हणाली, आणि आजी आतून 'ये गं' म्हणाल्या.