पट्टी भरली तरी पेनड्राइव्ह लगेच उपटू नका

कॉपीची पट्टी शेवटपर्यंत गेली की लोक पेनड्राइव्ह उपटून मोकळे होतात, पण तेवढ्यावर डेटा ड्राइव्हवर उतरलाच असं धरू नका. लिनक्सवर तर हे हमखास दिसतं. उबुंटूवर २ जीबीचा व्हिडिओ टाका, काही सेकंदात झालं म्हणून दाखवतं आणि ड्राइव्हचा लाइट मात्र लुकलुकतच असतो, कारण फाइल आधी रॅममध्ये जाते आणि तिथून सावकाश ड्राइव्हवर लिहिली जाते. म्हणून फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करा आणि आता काढू शकता असा मेसेज येईपर्यंत थांबा, स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर चांगली काही मिनिटं जातात, जाऊ द्या.

विंडोजवाले म्हणणार आमचं कधी काही बिघडत नाही. त्याला कारण आहे, विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून, म्हणजे २०१८ पासून, क्विक रिमूव्हल, म्हणजे झटपट काढता येईल असं सेटिंग, डिफॉल्टला आहे आणि राइट कॅशिंग, म्हणजे आधी रॅममध्ये ठेवून मग सावकाश लिहिणं, बंद असतं. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्हज, मग प्रॉपर्टीज, मग पॉलिसीजमध्ये बघून घ्या, तिथे कोणी बेटर परफॉर्मन्स, म्हणजे राइट कॅशिंग चालू ठेवणारं सेटिंग, करून ठेवलं असेल तर सेफली रिमूव्ह केल्याशिवाय काढायचं नाही म्हणजे नाही. आणि कॉपी चालू असताना उपटलं तर कुठलंच सेटिंग वाचवत नाही.

पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ नाहीतर एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असतात, त्यात जर्नल, म्हणजे काय बदल चाललाय याची नोंदवही, नसतं. लिहिता लिहिता तुटलं की कुठली फाइल कुठे आहे हा हिशोबच अर्धवट राहतो, मग आजच्या फाइलसोबत जुन्याही जाऊ शकतात. एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटला जर्नल असतं, त्यात ढाचा सावरतो, अर्धी लिहिलेली फाइल मात्र अर्धीच.

ड्राइव्ह वापरात आहे म्हणून इजेक्ट होत नसेल तर आधी उघडी वर्ड फाइल, व्हीएलसी, चालू असलेला अँटीव्हायरस स्कॅन, हे बघा. काहीच सापडलं नाही तर कॉम्प्युटर शटडाउन करून काढा, विंडोजवर शिफ्ट दाबून शटडाउन करा म्हणजे फास्ट स्टार्टअप, ज्यात विंडोज पूर्ण बंदच होत नाही, ते आड येत नाही. स्लीपवर टाकून काढणं वेगळं, ते नको.

आणि आधीच गडबड झाली असेल, विंडोज स्कॅन अँड फिक्स विचारत असेल, तर घाई नको. आधी जे उघडतंय ते दुसरीकडे कॉपी करा, मगच रिपेअर, कारण रिपेअरमध्ये सुटे तुकडे फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि मूळ नावं गेलेली असतात, शोधत बसा मग. फॉरमॅट करू का विचारलं तर सरळ कॅन्सल.