सातवी संपल्यावर गणिताची उजळणी कशी घ्यावी

कर्नाटकातील शाळांच्या वार्षिक परीक्षा मार्चअखेर आटोपतात, एप्रिलमध्ये सुट्टी लागते आणि शाळा पुन्हा भरते ती मेच्या अखेरीस. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी प्राथमिक शाळांतून सातवी झालेली बरीच मुले त्यानंतर दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जातात आणि काहींचे माध्यमही त्याच वेळी बदलते. आठवीत बीजगणिताने वेग घेतला की मागे कच्चे राहिलेले कोणी थांबून शिकवीत नाही, त्यामुळे ही उजळणी निकाल लागल्यानंतरच्या मोकळ्या दिवसांत घ्यावी, असे माझे मत आहे. त्या वेळी गुणांचा धाक नसतो आणि मूल आपली चूक लपवीत नाही.

पुस्तक पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सोडवायला लावणे हा उजळणीचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे, कारण मूल त्यात जे येते तेच पुन्हा सोडवते आणि जे येत नाही तिथे उत्तरसूचीकडे पाहते. त्याऐवजी वर्षभराच्या चाचण्यांचे कागद आणि वह्या काढाव्यात, चुकलेली उदाहरणे कोऱ्या कागदावर उतरवावीत आणि जुने उत्तर न दाखवता ती पुन्हा सोडवून घ्यावीत. या वेळी उत्तर बरोबर आले तर ती घाईची चूक होती; तेच चुकीचे उत्तर पुन्हा आले तर समजुतीत घोटाळा आहे आणि उजळणी तिथूनच सुरू करायची आहे. जुने कागद हाती नसतील तर सात-आठ उदाहरणे आपणच काढावीत: १/२ + १/३ किती, ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, −७ + ३ आणि −३ − ५ यांची उत्तरे काय, १८ − २ × (३ + ४) किती, ३क्ष + ५ = २० असल्यास क्ष किती. वेळेची मर्यादा घालू नये आणि प्रत्येक पायरी मुलाला मोठ्याने सांगायला लावावी.

माझ्या पाहण्यात बहुतेकांची गाडी अपूर्णांकांवर अडते. १/२ + १/३ चे उत्तर २/५ असे लिहिणाऱ्या मुलाला लगेच लसावि काढायला सांगू नये. २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी, एवढेच विचारावे. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले, हा प्रश्न त्याला स्वतःला पडला की समान छेदाची गरज आपोआप पटते.

आपल्याकडे यासाठी एक फार सोयीचे साधन घरोघरी आहे, ते म्हणजे शेताचा उतारा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून अर्धा एकर २० गुंठे, पाव एकर १०, एक पंचमांश ८ आणि एक अष्टमांश ५ गुंठे होतो. १/२ + १/५ म्हणजे २० + ८ = २८ गुंठे, अर्थात २८/४० किंवा ७/१०, हे मूल तोंडी सांगू लागते. तीन भावांत एक एकर वाटायचे म्हटले की प्रत्येकी १३ पूर्णांक १/३ गुंठे येतात आणि मिश्र अपूर्णांक कशासाठी लागतो तेही कळते.

याच उताऱ्यावर दशांशाची खरी परीक्षा होते. त्यावर २-१५ असे लिहिलेले क्षेत्र, म्हणजे २ एकर १५ गुंठे, अनेक मुले २.१५ एकर असे वाचतात. प्रत्यक्षात १५/४० म्हणजे ०.३७५, म्हणून ते २.३७५ एकर आहे. पुढे ३-१० मधून १-२५ वजा करायला सांगावे. ३.१० − १.२५ अशी वजाबाकी करून जे मूल १-८५ लिहिते, त्याला ८५ गुंठ्यांत किती एकर होतात ते विचारावे. एक एकर मोडून त्याचे ४० गुंठे करून घेतले की २-५० मधून १-२५ जाऊन १-२५ उरतात. तासामिनिटांची उदाहरणे याच जातीची असल्याने लगोलग घ्यावीत: २ तास १५ मिनिटे म्हणजे २.२५ तास.

गुंठ्यावरून क्षेत्रफळाकडेही सहज जाता येते. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. घरासाठी ३० × ४० फुटांचा प्लॉट त्याहून किती मोठा आणि दोहोंना कुंपण घालायचे तर किती फूट लागेल, एवढ्या एका प्रश्नात क्षेत्रफळ आणि परिमिती यांतील फरक तपासून होतो. उत्तरे १११ चौरस फूट, आणि १३२ व १४० फूट.

शेकडेवारी तिन्ही बाजूंनी विचारावी, कारण मुले एकच बाजू पाठ करतात. कारखान्यात उसाला ११ टक्के उतारा (उसाच्या वजनाच्या मानाने मिळणारी साखर) मिळाला तर एक टन उसापासून ११० किलो साखर मिळते. ८०० किलो उसापासून ८८ किलो मिळाली तर उतारा किती, आणि ११ टक्के उताऱ्याने ५५ किलो साखरेसाठी किती ऊस लागला, असे उलट प्रश्नही घालावेत. १०० रुपयांच्या वस्तूचा भाव २० टक्क्यांनी वाढून मग २० टक्क्यांनी उतरला तर ती पुन्हा १०० रुपयांना मिळेल का, हा प्रश्न मोठ्यांनाही विचारून पाहण्यासारखा आहे. उत्तर ९६ येते.

ऋण संख्यांसाठी उभी संख्यारेषा पुरते. समीकरणांबाबत मात्र माझा आग्रह आहे की ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वाक्य काही दिवस बंद ठेवावे. ३क्ष + ५ = २० मध्ये दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागले, असे मुलाने लिहावे आणि आलेले ५ हे उत्तर मूळ समीकरणात ठेवून ताळा पाहावा. पाढे वीसपर्यंत पक्के असावेत. घरात दिडकी-अडीचकी, म्हणजे दीड आणि अडीचचे पाढे, म्हणणारे आजोबा असतील तर त्यांना या कामात जरूर ओढावे. भूमितीतील रचना आणि आलेख सध्या बाजूला ठेवले तरी चालतील.

रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ नये. नवा भाग सुरू केला तरी मागच्या भागातील दोन उदाहरणे रोज मिसळावीत. एकाच प्रकारची वीस उदाहरणे सलग सोडवली की रीत हाताला लागते, पण कोणती रीत कुठे वापरायची हे ठरविण्याची सवय लागत नाही. यात्रा आणि लग्ने यांमुळे मधले काही दिवस सुटतीलच, त्यांची चिंता करू नये. खंडानंतर जे आठवते तेच पक्के झालेले असते. माध्यम बदलणार असेल तर वहीच्या मागच्या पानावर गणितातील नेहमीचे शब्द नव्या माध्यमात लिहून ठेवावेत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवातीचीच उदाहरणे आकडे बदलून पुन्हा द्यावीत. ज्या उदाहरणात जुनीच चूक दिसेल तिथे खूण करून तो कागद नव्या शाळेतील गणिताच्या सरांना किंवा बाईंना पहिल्या आठवड्यातच दाखवावा.