फोटो कोपऱ्यातनं ओढून बारका केला तरी जड तो जडच

ब्लॉगवर फोटो टाकणं तसं काही अवघड नाही, बटण दाबलं की चढतोय. अवघड पुढंच आहे, म्हणजे तो मोबाईलवर नीट दिसला पाहिजे, पटकन उघडला पाहिजे आणि आजूबाजूच्या मजकुराची वाट लागली नाही पाहिजे. सोलापूरवर लिहिणारे आता बऱ्यापैकी झालेत, कुणी भुईकोट किल्ल्यावर लिहितंय, कुणी शेंगा चटणीवर, कुणी गड्ड्याच्या यात्रेवर, आणि लिखाण झकास असतंय, पण पान उघडायला गेलं की निम्मी स्क्रीन पांढरी आणि फोटो वरनं खाली हळूहळू उतरतोय. वाचणारा कशाला थांबतोय मग.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, "फोटो ओढून बारका केलो की बे, तरी पान का उघडंना?" तर कसंय, फोटोला दोन साइज असतात. एक फाइलची, म्हणजे आत किती पिक्सेल (रंगाचे बारके ठिपके) आहेत आणि ती किती एमबीची आहे. दुसरी दिसण्याची, म्हणजे पानावर ती किती जागा घेते. एडिटरमध्ये कोपरा धरून ओढलं की बहुतेक वेळा फक्त दुसरी बदलते. चादरीची चौघडी घातली म्हणून तिचं वजन कमी होतंय का, तसंच हे. वाचणाऱ्याच्या फोनवर ती अख्खी फाइल उतरते आणि मग ब्राउझर ती दाबून छोटी दाखवतो.

आता आकडे बघा. आजकालच्या बऱ्याच फोनचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा येतो, म्हणजे १२ मेगापिक्सेल (५० मेगापिक्सेलवालेसुद्धा बरेच फोन रोजच्या मोडमध्ये एवढाच काढतात), आणि फाइल ३ ते ५ एमबीची. ब्लॉगचा मजकुराचा कॉलम बहुतेक थीममध्ये ६०० ते ८०० पिक्सेल रुंद असतो. चांगल्या स्क्रीनवर फोटो धुरकट दिसू नये म्हणून साधारण दुप्पट धरायचं, म्हणजे १२०० ते १६०० रुंदी. मोबाईलची स्क्रीन दिसायला बारकी असली तरी बऱ्याच फोनला आडवे १०८० पिक्सेल असतात, त्यामुळं १२०० त्यालाही पुरतंय. ४००० बाय ३००० चा फोटो १२०० बाय ९०० केला की पिक्सेल अकरा पटीनं कमी होतात, आणि ४ एमबीची फाइल बहुतेक वेळा २००-३०० केबीत बसते. एका लेखात दहा फोटो असले तर कुठं ४० एमबी आणि कुठं अडीच-तीन एमबी, तुम्हीच बघा. गावाकडं एकच दांडी रेंज असलेल्या माणसालाही तुमचा लेख वाचता यावा असं वाटत असेल तर हे करायलाच लागतंय.

म्हणून नियम एकच, साइज चढवायच्या आधी कमी करायची, चढवल्यावर नाही.

करायचं कशात? कॉम्प्युटर असेल तर विंडोजचं साधं पेंट पुरतंय, रिसाइझमध्ये जायचं, टक्के नको पिक्सेल निवडायचे, रुंदी १२०० टाकायची आणि रुंदी-उंचीचं प्रमाण सांभाळायचा टिक चालू ठेवायचा, नाहीतर माणसं फुगतात. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये ॲडजस्ट साइज आहे. यात्रेचे फोटो असतील आणि ढीगभर असतील तर इरफानव्ह्यू घ्या, घरगुती वापराला फुकट आहे, त्यात बॅच करून सगळे एका दमात बारके होतात. फोनवर स्नॅपसीड असेल तर त्याच्या सेटिंगमध्येच एक्सपोर्टची साइज ठरवता येते. पण मला विचाराल तर स्क्वूश बेस्ट, गूगलच्या क्रोमवाल्यांनी केलेलं आहे, ब्राउझरमध्येच चालतं, फोटो तुमच्याच मशीनवर बारका होतो, कुठल्या सर्व्हरवर जात नाही. मधी एक उभी दांडी असते, एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला दाबलेला, दांडी सरकवत बघायचं की फरक दिसतोय का. क्वालिटीचा आकडा ७५ ते ८० ठेवा. १०० ठेवून फाइल नुसती फुगते, डोळ्याला काही कळत नाही.

व्हॉट्सॲपवरनं मागवलेला फोटो तसाच टाकू नका हो. साध्या पद्धतीनं पाठवला की व्हॉट्सॲप तो आधीच दाबतं, त्यावर तुम्ही परत दाबणार, चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात. मित्राला सांगायचं डॉक्युमेंट म्हणून पाठव, मूळ फाइल येते. आणि छोटा फोटो ताणून मोठा केला तर नवीन बारकावे त्यात कुठनं येणार, तेही डोक्यातनं काढा. आणखी एक खूळ म्हणजे डीपीआय, छपाईत एका इंचात किती ठिपके ते. फ्लेक्सवाला, छापखानेवाला ३०० डीपीआय मागतो कारण त्याला कागदावर छापायचंय, स्क्रीनला त्याचं काही घेणंदेणं नाही, स्क्रीन फक्त पिक्सेल मोजते.

आता खरी गंमत. सारख्याच पिक्सेलचे दोन फोटो सारख्याच वजनाचे नसतात. सिद्धेश्वर तलावावरचं मोकळं आभाळ १२०० पिक्सेलमध्ये ८०-१०० केबीत बसेल, तेवढ्याच मापाचा सोलापुरी चादरीचा जवळनं काढलेला फोटो ४०० च्या वर जाईल, कारण जेपेगला (फोटो साठवायचा नेहमीचा फाइल प्रकार) सपाट रंग दाबायला सोपा जातो आणि एक-एक धागा, एक-एक टाका दिसणारा पोत अवघड जातो. म्हणून सगळ्या फोटोंना डोळे मिटून एकच आकडा लावू नका. चादरीला ७० चालतंय, पोतात खराबी लपून जाते. संध्याकाळच्या आभाळाला मात्र ७० लावलं तर रंगाचे पट्टे दिसायला लागतात, तिथं ८५ ठेवा, फाइल तशीही हलकीच असते.

चादरी, टॉवेल, साड्यांवर लिहिणाऱ्यांनी अजून एक बघायचं. बारीक विणीचा फोटो छोटा केला की कधीकधी त्यावर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे उमटतात, जे कापडावर नसतातच. विणीच्या रेघा आणि स्क्रीनचे पिक्सेल एकमेकांशी भांडतात त्यामुळं होतंय ते. ४००० चा फोटो ब्राउझरला दाबायला लावला तर हे जास्त होतं. त्यामुळं आपणच नीट मापात बारका करायचा, स्क्वूशमध्ये लँक्झोस नावाची पद्धत आधीपासनंच निवडलेली असते, ती राहू द्या. तरी लाटा आल्या तर ११०० करून बघा, नाहीतर १३०० करून बघा, माप थोडं हललं की बऱ्याचदा जातात. ते नाही जमलं तर अख्खी चादर दाखवायचा हट्ट सोडा आणि एका कोपऱ्याचा जवळनं फोटो घ्या, विकणाऱ्यांना तर तोच जास्त उपयोगी पडतो.

लाल रंगाचं पण असंच. जेपेग रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवतं, त्यामुळं काळ्या पाटीवर लाल अक्षरं असतील तर कडा फिसकटतात. स्क्रीनशॉट, नकाशा, पाटी, अक्षरं असलेलं काहीही पीएनजी प्रकारात ठेवा, कॅमेऱ्याचे फोटो जेपेगमध्ये. वेबपी नावाचा प्रकार त्यापेक्षा हलका पडतो आणि आता सगळे ब्राउझर ते दाखवतात, जमत असेल तर तेच घ्या. आयफोनवाल्यांनी एचइआयसी फाइल सरळ चढवू नये, बऱ्याच ब्राउझरला ती कळत नाही, आधी जेपेग करून घ्या.

मग येतो आकार. आडवा फोटो ब्लॉगवर निवांत बसतो, उभा त्रास देतो. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांचंच घ्या, एवढी उंच काठी आडव्या चौकटीत कशी मावणार, एकतर वरचा भाग कापला जातो नाहीतर खाली धरणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. असा फोटो उभाच ठेवा, पण पूर्ण रुंदी देऊ नका, कॉम्प्युटरवर एका उभ्या फोटोनं अख्खी स्क्रीन जाते आणि मजकूर कुठं गेला ते शोधायला लागतंय. रुंदी कॉलमच्या निम्म्यावर ठेवून मधे लावा, नाहीतर दोन उभे शेजारी-शेजारी. आणि वर्डप्रेसचा थंबनेल १५० बाय १५० चा चौकोन असतो जो फोटोच्या मधनं कापला जातो, त्यामुळं लेखाचा मुख्य फोटो असा निवडा की महत्त्वाचं मधोमध असेल, नंदीध्वजाचा चौकोन कापला तर नुसती दांडी येते.

फोटो डावीकडं आणि मजकूर त्याच्या बाजूनं वळवायची हौस बऱ्याच जणांना असते, पेपरात असतंय तसं. मराठीत करू नका, मोबाईलवर तर अजिबातच नको. "सिद्धरामेश्वरांच्या" असला लांब शब्द बारक्या पट्टीत मावत नाही, खालच्या ओळीवर उडी मारतो, आणि मजकूर दोन्हीकडनं सरळ केलेला असेल तर शब्दांत हे एवढे खड्डे पडतात. फोटो मधे, पूर्ण रुंदी, वर एक परिच्छेद खाली एक परिच्छेद. दिसायला साधं आहे पण कुठंच मोडत नाही.

ब्लॉगरमध्ये वरच्या पट्टीतलं चित्राचं बटण, कॉम्प्युटरवरनं अपलोड, फोटो निवडा, झालं. मग फोटोवर क्लिक केलं की छोटी पट्टी येते, त्यात स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, ओरिजिनल असं निवडता येतं. मी एक्स्ट्रा लार्ज घेतो, त्यापेक्षा बारकं मराठी ब्लॉगवर केविलवाणं दिसतंय. तिथल्या फोटोच्या पत्त्यात इंग्रजी एस आणि पुढं ६४० किंवा १६०० असा आकडा बऱ्याचदा दिसतो, एचटीएमएलमध्ये (लेखाच्या मागच्या कोडात) जाऊन तो बदलला की गूगल त्याच मापाचा फोटो पाठवतं, म्हणजे जुन्या लेखातले धुरकट फोटो परत न चढवता सुधारता येतात. ही युक्ती लई कामाची आहे. वर्डप्रेस जास्त शहाणं आहे, ते आपणहून मीडियम ३००, लार्ज १०२४ अशा कॉप्या बनवतं, २०१९ मधल्या ५.३ पासनं २५६० पेक्षा मोठा फोटो आला तर त्याची बारकी कॉपी करून तीच वापरतं, आणि वाचणाऱ्याचा ब्राउझर त्यातली योग्य ती कॉपी उचलतो. तिथं फुल साइज निवडायचा मोह टाळा, लार्ज पुरतो.

मोबाईलवर फोटो चेपलेला किंवा ताणलेला दिसतोय? एचटीएमएलमध्ये विड्थ आणि हाइटचे आकडे पक्के लिहिलेले असतात, थीम रुंदी कमी करते पण उंची तेवढीच राहते, म्हणून किल्ल्याचा बुरूज लांबुडका होतो. थीमच्या सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडात) चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो असं एकदा लिहून टाका. आकडे मात्र काढू नका, ते असले की ब्राउझर आधीच जागा धरून ठेवतो आणि वाचताना मजकूर खालीवर उड्या मारत नाही.

एखाद्या फोटोत बारकावाच महत्त्वाचा असेल, म्हणजे समजा तुम्ही हत्तरसंग कुडलला जाऊन आलात आणि तिथला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख दाखवायचाय, तर तिथं १२०० मध्ये अक्षरं मरतात. लेखात ओळीपुरता कापलेला फोटो लावा आणि त्यावर क्लिक केलं की मोठी फाइल उघडेल अशी लिंक द्या. ज्याला वाचायचंय तो उघडेल, बाकीच्यांचा डेटा वाचला.

फाइलचं नाव इंग्रजी बारीक अक्षरात, मधे आडवी रेघ, स्पेस नको. नाव देवनागरीत दिलं तर लिंक कॉपी करताना एकेका अक्षराची टक्क्याच्या चिन्हांची नऊ-नऊ अक्षरी माळ होते, व्हॉट्सॲपवर टाकली की लोकांना व्हायरस वाटतोय. पण ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोमागं लिहायचं त्याचं वर्णन, मराठीतच लिहा, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याचा फोन ते वाचून दाखवेल आणि गूगललाही फोटो कशाचा ते कळेल. "फोटो १" लिहू नका, "कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं ताट" असं लिहा. आणि वर्डमधनं किंवा चॅटमधनं फोटो कॉपी-पेस्ट करू नका, तो कधी लेखाच्या कोडातच चिकटून बसतो, कधी चार दिवसांनी गायब होतो.

नान्नजच्या माळढोक पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. फोनच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्येच असतात. घरट्याचा, पिल्लांचा फोटो तसाच चढवला तर तो कुठला आहे ते कुणालाही काढता येऊ शकतं, आणि या पक्ष्याची अवस्था आधीच नाजूक आहे. घराच्या फोटोंनाही हेच लागू. स्क्वूशमधनं काढलेल्या फाइलमध्ये ही माहिती उरत नाही. विंडोजवर प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये ती पुसायची सोय आहे, आयफोनवर शेअर करताना ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं.

लेख पब्लिश केला की घरच्या वायफायवर बघून खूश होऊ नका, वायफाय बंद करा, इन्कॉग्निटोमध्ये मोबाईल डेटावर उघडा. एखादा फोटो अडकतोय असं दिसलं तर तो परत बारका करून नवीन नावानं चढवा, जुन्याच नावानं चढवलात तर लोकांच्या फोनमध्ये साठलेला जुनाच फोटो दिसत राहतो.