सिगारेटचा वास मुरलेली गाडी साफ करायची तयारी: छतापासून

परफ्यूम आणू नका. जेलचा डबा, आरशाला टांगायचं सुगंधी कागदी झाड, कापूर, काहीच नको. सुगंध वासावर बसतो, वास जात नाही, आणि सफाई नीट झाली की नाही हे कळायचा एकमेव मार्ग म्हणजे तुमचं नाक, तेच निकामी होतं. धुरातलं डांबर आणि निकोटिन गाडीत जिथे जिथे हवा पोचते तिथे चिकट थर होऊन बसतं. ऊन लागलं की तो थर पुन्हा हवेत सुटतो. म्हणून सकाळी बरी वाटणारी गाडी दुपारी उघडली की भपकारा येतो. काढायचा आहे तो थर.

गाडी अजून घ्यायची असेल तर काचा बंद करून तासभर उन्हात ठेवायला लावा, मग दार उघडून पहिला श्वास घ्या. पहिलाच. दोन मिनिटांत नाक सरावतं. पांढरं ओलसर फडकं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या छताला पुसून बघा. पिवळट-तपकिरी डाग आला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सामान: फिक्या रंगाची दहा-बारा मायक्रोफायबर फडकी (गडद फडक्यावर मळ दिसत नाही), दोन बादल्या, गाडीच्या कापडासाठीचा फेसाळ क्लीनर, पांढरं व्हिनेगर, किलोभर खाण्याचा सोडा, मऊ ब्रश, जुना टूथब्रश, निमुळत्या तोंडाचा व्हॅक्यूम, चार-सहा कपड्यांचे चिमटे, एसीची कूलिंग कॉइल (हवा गार करणारा भाग) साफ करायचा फेस, नवा एसी फिल्टर. हातमोजे घाला, निकोटिन कातडीतून अंगात जातं. आणि सलग दोन-तीन कोरडे दिवस पाहूनच सुरू करा. ओली गाडी बंद राहिली तर सिगारेटच्या जागी बुरशीचा वास मिळेल.

मॅट, कचरा, ॲशट्रे बाहेर. ॲशट्रे साबणाच्या गरम पाण्यात टाका. जुना एसी फिल्टर आत्ताच काढा, नवा मात्र आत्ता बसवू नका.

आता छत. सीट धुतल्या, गालिचे धुतले, एसी झाला आणि वास आहे तसाच, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा छत राहिलेलं असतं. धूर वर जातो. छताचं कापड पातळ स्पंजवर चिकटवलेलं असतं, आणि तो स्पंज वर्षानुवर्षं धूर पीत असतो. खालून ते स्वच्छ दिसतं कारण पिवळेपणा सगळीकडे सारखा चढतो, तुलनेला पांढरी जागाच उरत नाही. म्हणून छत आधी करा. नंतर केलंत तर मळकं पाणी धुतलेल्या सीटवर ठिबकेल.

पण जपून. क्लीनर छतावर थेट मारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. फडकं ओलसर हवं, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. जास्त पाणी गेलं की गोंद सुटतो आणि छत लोंबायला लागतं, मग ते परत चिकटत नाही. ब्रश नको, घासाघीस नको. पुढून मागे एकाच दिशेने, हलक्या हाताने. आधी मागच्या कोपऱ्यात छोटा तुकडा करून रंग जात नाही ना ते पाहा. सुरू केलं की पूर्ण छत एका दमात संपवा, अर्ध्यावर सोडलं तर वाळल्यावर कड उमटते. दर दोन-तीन हातांनी फडक्याची घडी बदला. शेवटी साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने एक हात. छतातल्या दिव्याभोवती आणि कडेच्या एअरबॅगच्या पट्ट्यांवर ओल टाळा. सन वायझरच्या दोन्ही बाजू आणि सनरूफ असेल तर त्याचा सरकता पडदा, हेही छतच.

वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा. हो, पुन्हा. स्पंजातला मळ वाळताना पृष्ठभागावर येतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीचं फडकंही पिवळं होतं.

काचा, डॅशबोर्ड, दारांचं प्लास्टिक: व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. निकोटिन अल्कधर्मी असतं, आम्लाने त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार होतो, म्हणून हे काम करतं. मागून साध्या पाण्याने पुसा. टचस्क्रीनला व्हिनेगर नको. मागच्या काचेवर तापणाऱ्या रेषा असतील तर त्यांच्या दिशेनेच पुसा, रेषा छेदत घासलं तर तुटू शकतात. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेसाची गंमत पाहू नका, दोघं एकमेकांना मारतात आणि हातात क्षाराचं पाणी उरतं.

सीटबेल्ट लोक विसरतात. शेवटपर्यंत ओढा, चिमटा लावून अडकवा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच नाही, पट्टा कमजोर होतो. पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडायचा नाही.

सीट कापडी असतील तर आधी व्हॅक्यूम, मग फेस, मऊ ब्रश, आणि मळकं पाणी ओढून घेणारं मशीन मिळालं तर उत्तम. छिद्रं असलेल्या लेदरवर पाणी ओतू नका, खाली पंखे-वायरी असू शकतात. सीट काढायचीच असेल तर बॅटरीची वायर सोडवून काही मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. तो सुटलेला असताना चावी फिरवली तर डॅशवर दिवा लागतो आणि घालवायला स्कॅनर लागतो.

गालिचे, डिकी, स्टेपनीचा खड्डा: तेच. छत झालं ना? दोन्ही फेऱ्या? नसेल तर पुढे जाऊ नका.

एसी. वास फक्त एसी लावल्यावर येत असेल तर तो कूलिंग कॉइलमधला, उन्हात उभ्या गाडीत येत असेल तर छत आणि सीटमधला. आतलीच हवा फिरवत सिगारेट ओढली की धूर ओल्या कॉइलवरून जातो आणि तिथे चिकटतो. फेसाची नळी कॉइलपर्यंत पोचली पाहिजे, ब्लोअरच्या मोटरवर नाही. थोड्या वेळाने गाडीखालून मळकं पाणी ठिबकायला हवं; ठिबकलं नाही तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, आधी ती मोकळी करा. सगळं वाळल्यावर नवा फिल्टर, शक्यतो कार्बनचा, बाण हवेच्या दिशेने. आधी बसवला असता तर सफाईचा सगळा वास त्यानेच शोषला असता.

सोडा: पूर्ण कोरड्या सीट-गालिच्यावर, रात्रभर, सकाळी व्हॅक्यूम. बेल्टच्या बकलात जाऊ देऊ नका. व्हॅक्यूमचा फिल्टर लगेच झटका, बारीक पूड तो तुंबवते. कोळशाच्या पिशव्या ठेवल्या तर हरकत नाही, हळू काम करतात.

ओझोन मशीन (वास घालवायला ओझोन वायू सोडणारं) सगळ्यात शेवटी, थर निघाल्यावरच. निकोटिनवर ओझोन मारला की श्वासाला त्रासदायक सूक्ष्म कण तयार होतात. गाडीत माणूस-जनावर नको, नंतर सगळी दारं उघडी ठेवून भरपूर हवा. वारंवार केलं तर रबर तडकतं.

एवढं करूनही उन्हात वास आलाच तर छताचं कापड बदलून घ्या. काम करणाऱ्याला सांगा की आतल्या फळीवरचा जुना स्पंज पूर्ण खरवडायचा, वरून नवं कापड डकवायचं नाही. जुना राहिला तर गोंद धरत नाही आणि वासही तसाच राहतो.